हवेचे वजन करणारा ब्लेझ पास्कल

प्रस्तावना

स्वयंपाकघरात प्रेशर कुकरची शिट्टी वाजते, तेव्हा आतल्या वाफेने झाकणावरचे वजन उचललेले असते. बाहेरच्या हवेपेक्षा आतील वाफेचा दाब साधारणपणे एका चौरस सेंटिमीटरमागे एक किलोग्रॅमने वाढला, की हे घडते. कारखान्यांतील बॉयलर, कॉम्प्रेसर आणि पाण्याचे पंप यांच्या तबकड्यांवरही किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असे लिहिलेले अनेक ठिकाणी आढळते. अभियंत्यांच्या या जुन्या मेट्रिक एककाला टेक्निकल ॲटमॉस्फिअर असे नाव होते. ॲटमॉस्फिअर म्हणजे वातावरण. पृथ्वीभोवतीची हवा जमिनीवर जेवढा दाब देते, जवळजवळ तेवढाच हा दाब असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. पण हवेला वजन असते आणि त्या वजनामुळेच तिचा दाब निर्माण होतो, हे माणसाला कसे कळले? याचे उत्तर ज्यांच्या चरित्रांत सापडते, त्यांपैकी एक म्हणजे फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल. प्रस्तुत पाठात त्याच्या जीवनाची आणि त्याने घडवून आणलेल्या एका प्रयोगाची ओळख करून घ्यावयाची आहे.

शाळेत न गेलेला विद्यार्थी

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. हे गाव डोंगरांनी वेढलेले आहे. त्याच्या पश्चिमेस प्वी द दोम नावाचा, मृत ज्वालामुखीचा १४६५ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. पास्कलच्या चरित्रात या डोंगराला पुढे फार मोठे स्थान मिळाले.

वडील एतिएन पास्कल हे करविषयक न्यायालयातील वरिष्ठ अधिकारी होते. ब्लेझ अवघा तीन वर्षांचा असताना त्याची आई वारली. थोरली बहीण जिल्बर्त, धाकटी जाकलीन आणि मधला ब्लेझ या तीन मुलांचे संगोपन वडिलांनीच केले. १६३१ मध्ये ते मुलांना घेऊन पॅरिसला राहावयास गेले. त्यांनी ब्लेझला कोणत्याही शाळेत घातले नाही. त्याला शिकविण्याचे काम त्यांनी स्वतःकडेच ठेवले.

एतिएन स्वतः गणिताचे जाणकार होते. तरीही मुलाला गणित इतक्यात शिकवावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. गणिताची गोडी लागली, तर मूल लॅटिन आणि ग्रीक भाषांकडे दुर्लक्ष करील, अशी त्यांना भीती वाटत होती. घरातील गणिताची पुस्तके त्यांनी दृष्टीआड केली. पण जे झाकून ठेवले जाते, त्याचीच ओढ मुलाला लागते. बहीण जिल्बर्त हिने पुढे भावाचे चरित्र लिहिले. त्यात आलेल्या हकिकतीप्रमाणे, बारा वर्षांचा ब्लेझ जमिनीवर कोळशाने आकृत्या काढीत असे. रेषा आणि वर्तुळे यांना त्याने स्वतःच नावे दिली होती. अशा रीतीने विचार करीत करीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, या सिद्धान्तापर्यंत तो एकटाच येऊन पोहोचला. वडिलांनी हे पाहिले आणि आपला हट्ट सोडला. युक्लिडचा ग्रंथ त्यांनी मुलाच्या हाती दिला. पुढे मर्सेन या विद्वान धर्मगुरूकडे भरणाऱ्या शास्त्रज्ञांच्या बैठकींनाही ते त्याला नेऊ लागले. १६४० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ब्लेझने शंकुच्छेद या विषयावरील आपला छोटा निबंध प्रसिद्ध केला.

वडिलांसाठी बनविलेले यंत्र

त्याच वर्षी पास्कल कुटुंब रूआँ या शहरात आले. नॉर्मंडी प्रांतात करांविरुद्ध मोठे बंड झाले होते आणि ते निष्ठुरपणे मोडून काढण्यात आले होते. तेथील करव्यवस्था पुन्हा बसविण्यासाठी सरकारने एतिएन यांची नेमणूक केली होती. रात्री उशिरापर्यंत ते कराचे हिशेब करीत बसत. त्या काळच्या फ्रेंच चलनात १२ देन्ये म्हणजे एक सोल आणि २० सोल म्हणजे एक लिव्र होत असे. आपल्याकडील रुपया, आणा, पै यांच्या जुन्या हिशेबासारखाच हा किचकट हिशेब होता. हातचा धरताना चूक होणे अगदी सोपे होते.

वडिलांचे कष्ट पाहून ब्लेझने १६४२ च्या सुमारास बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनविण्यास सुरुवात केली. यंत्रातील एक चाक पूर्ण फिरले, की शेजारचे चाक एका घराने आपोआप पुढे सरके. म्हणजेच हातचा यंत्रच धरीत असे. कल्पना सुचली तरी ती धातूत उतरविणे कठीण होते. बारीक दाते अचूक कापणारे कारागीर मिळत नसत आणि जोडलेले यंत्र हाताळताना बिघडत असे. त्याने सुमारे पन्नास नमुने तयार केले, तेव्हा कोठे १६४५ मध्ये यंत्र लोकांसमोर मांडण्याजोगे झाले. ते महाग असल्यामुळे फारसे खपले नाही. तथापि या कामात पास्कलला एक मोठा धडा मिळाला. डोक्यातील कल्पना प्रत्यक्ष वस्तूवर तपासून पाहिल्यावाचून खरी मानू नये, हा तो धडा होय.

दहा मीटरांचे कोडे

त्या काळी विहिरीतून आणि खाणींतून पाणी वर खेचणारे पंप वापरात होते. पंप बनविणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने माहीत होती. पाणी सुमारे दहा मीटरांपर्यंत वर चढते. त्यापुढे पंप कितीही चांगला असला, तरी पाणी चढत नाही. असे का व्हावे?

विद्वानांचे जुने मत असे होते, की निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे. पंपाचा दट्ट्या वर गेला, की खाली रिकामी जागा होऊ पाहते. निसर्गाला ती सहन होत नाही, म्हणून पाणी धावून ती जागा भरते. ॲरिस्टॉटलच्या काळापासून पोकळी अशक्य मानली जात होती आणि या मताला मोठा मान होता. परंतु हा तिटकारा दहा मीटरांवरच का संपतो, याचे समाधानकारक उत्तर त्यात नव्हते.

इटलीतील टॉरिसेली या शास्त्रज्ञाने या कोड्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड असतो. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली, की नळीतील पारा खाली उतरतो आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो. त्याच्यावर रिकामी जागा उरते. १६४४ मध्ये टॉरिसेलीने याचे कारण सुचविले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो; भांड्यातील पाऱ्यावर बाहेरची हवा आपला भार टाकते आणि तो भार नळीतील पाऱ्याला तोलून धरतो, असे त्याचे म्हणणे होते.

या प्रयोगाची वार्ता १६४६ मध्ये रूआँ येथे पोहोचली. पास्कलने वडिलांबरोबर आणि पेती नावाच्या अभियंत्याबरोबर तो करून पाहिला. रूआँमध्ये काच बनविण्याचे चांगले कारखाने होते. तेथून त्याने सुमारे पंधरा मीटर लांबीच्या नळ्या करून घेतल्या. जहाजाच्या डोलकाठीला बांधून त्या उभ्या केल्या आणि एका नळीत पाणी, तर दुसरीत तांबडे मद्य भरून लोकांदेखत प्रयोग केला. मद्य पाण्यापेक्षा किंचित हलके असते, म्हणून त्याचा स्तंभ किंचित अधिक उंच राहिला. द्रव जितका जड, तितका त्याचा स्तंभ ठेंगणा; तराजूच्या पारड्यात वजने ठेवावीत, तसाच हा प्रकार होता.

१६४७ मध्ये पास्कलने या प्रयोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. नळीच्या वरच्या भागात खरोखरच पोकळी असते, असे त्याने त्यात प्रतिपादन केले. त्यावरून जुन्या मताच्या विद्वानांशी त्याचा वाद झाला. असे असले तरी हवेच्या भाराचे मत त्याने लगेच स्वीकारले नव्हते. निसर्गाला पोकळीचा तिटकारा असतो, पण त्या तिटकाऱ्याला मर्यादा असते, इतकेच म्हणून तो थांबला होता. दीर्घकाळ मान्य असलेले मत निर्णायक पुरावा मिळाल्यावाचून टाकून देऊ नये, अशी त्याची भूमिका होती. तो पुरावा कसा मिळवावयाचा, हाच आता प्रश्न होता.

डोंगरावरील प्रयोग

पास्कलचा विचार साधा होता. नळीतील पारा हवेच्या भारामुळे तोलला जात असेल, तर डोंगराच्या माथ्यावर तो खाली उतरला पाहिजे. कारण तेथे डोक्यावर हवेचा थर कमी असतो. पण पारा निसर्गाच्या तिटकाऱ्यामुळे वर राहत असेल, तर त्याने पायथ्याशी आणि माथ्यावर सारख्याच उंचीवर राहावयास हवे. निसर्ग पायथ्याशी पोकळीचा अधिक तिटकारा करतो आणि माथ्यावर कमी, असे कोणी म्हणू शकणार नाही.

हा प्रयोग स्वतः करणे मात्र पास्कलला शक्य नव्हते. पॅरिसजवळ पुरेसा उंच डोंगर नव्हता. शिवाय तो चोवीस वर्षांचा असूनही त्याचे शरीर खचले होते. डोकेदुखी आणि पोटाचे विकार त्याची पाठ सोडीत नव्हते. काही काळ तर त्याला कुबड्यांच्या आधाराने चालावे लागत होते. तेव्हा त्याला आपल्या जन्मगावची आणि तेथील डोंगराची आठवण झाली. जिल्बर्तचे पती फ्लोरँ पेरिए हे क्लेरमाँ येथे राहत असत. १५ नोव्हेंबर १६४७ रोजी पास्कलने आपल्या या मेहुण्यांना सविस्तर पत्र लिहिले. टॉरिसेली त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला होता. आपल्या मताची परीक्षा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पेरिए यांची सरकारी कामे आणि माथ्यावरील बर्फ व धुके यांमुळे प्रयोग अनेक महिने लांबला. अखेर शनिवार, १९ सप्टेंबर १६४८ रोजी पहाटे शिखर स्पष्ट दिसू लागले. सकाळी आठच्या सुमारास क्लेरमाँतील काही धर्मगुरू आणि अधिकारी एका मठाच्या बागेत जमले. हा शहराचा सर्वांत सखल भाग होता. पेरिए यांनी सारख्या जाडीच्या दोन नळ्या पाऱ्याने भरून एकाच भांड्यात उलट्या केल्या. दोहोंतील पारा एकाच उंचीवर थांबला. आजच्या मापात ती उंची सुमारे ७१ सेंटिमीटर होते. क्लेरमाँ समुद्रसपाटीपासून बरेच उंच असल्यामुळे ती ७६ सेंटिमीटरांपेक्षा कमी भरली. एक नळी तेथेच ठेवून मठातील एका धर्मगुरूला तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवण्यास सांगण्यात आले. दुसरी नळी आणि पारा घेऊन मंडळी डोंगर चढू लागली.

बागेपासून जवळजवळ हजार मीटर उंच असलेल्या माथ्यावर पुन्हा नळी भरण्यात आली. पारा सुमारे ६३ सेंटिमीटरांवर थांबला. म्हणजे तो आठ सेंटिमीटरांहून अधिक खाली आला होता! उपस्थितांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पेरिए यांनी माथ्यावर निरनिराळ्या ठिकाणी प्रयोग पाच वेळा केला. लहानशा देवळाच्या आत आणि बाहेर, आडोशाला आणि वाऱ्यात, उघडिपीत आणि धुक्यात. उत्तर प्रत्येक वेळी तेच आले. उतरताना वाटेत त्यांनी आणखी एकदा नळी भरली. तेथे पाऱ्याची उंची माथ्यापेक्षा अधिक आणि बागेपेक्षा कमी, सुमारे ६८ सेंटिमीटर भरली. खाली आल्यावर ती पूर्ववत झाली. बागेतील नळीचा पारा मात्र दिवसभरात जरासुद्धा हलला नव्हता.

ही बागेतील नळी फार महत्त्वाची होती. तिच्यामुळेच पाऱ्यातील फरक हवामानाच्या बदलाने पडला नसून उंचीमुळे पडला, हे निश्चित सांगता आले. दुसऱ्या दिवशी पेरिए यांनी क्लेरमाँच्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यावरही प्रयोग केला आणि तेथेही थोडा फरक आढळला. पेरिए यांचे पत्र मिळताच पास्कलने पॅरिसमध्ये सुमारे पन्नास मीटर उंचीच्या सँ-जाक मनोऱ्यावर तो स्वतः करून पाहिला. मग त्याने पोकळीच्या तिटकाऱ्याचे मत उघडपणे सोडून दिले आणि तसे छापून प्रसिद्धही केले. पुरावा नसताना जुने मत सोडावयाचे नाही आणि पुरावा मिळाल्यावर ते धरून बसावयाचे नाही, ही दोन्ही पथ्ये त्याने पाळली.

या यशाला वादाची किनारही होती. थोर तत्त्ववेत्ता देकार्त हा १६४७ च्या सप्टेंबरमध्ये आजारी पास्कलला भेटावयास आला होता. डोंगरावरील प्रयोगाची कल्पना आपणच त्याला दिली होती, असा दावा त्याने नंतर केला. श्रेय कोणालाही द्यावे, पण प्रयोगाची काटेकोर आखणी पास्कलने केली आणि ती पार पाडण्याचे कष्ट पेरिए यांनी घेतले, यात संशय नाही.

द्रवांचा दाब

हवेचा भार किती, याचा हिशेब आपणही करू शकतो. एक चौरस सेंटिमीटर जाडीची आणि दहा मीटर उंचीची पाण्याने भरलेली नळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात बरोबर एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी मावते. हवा पंपातील पाण्याला दहा मीटरांच्या थोडे वरपर्यंत तोलून धरते. म्हणजे समुद्रसपाटीला नखाएवढ्या जागेवर हवेचा भार एक किलोग्रॅमहून किंचित अधिक असतो. पंप बनविणाऱ्यांचे दहा मीटर आणि अभियंत्यांचा एक टेक्निकल ॲटमॉस्फिअर या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. हा भार आपल्याला जाणवत नाही, कारण तो सर्व बाजूंनी सारखा असतो आणि शरीराच्या आतूनही तेवढाच दाब त्याला तोलून धरतो.

१६५४ च्या सुमारास पास्कलने द्रवांचा समतोल आणि हवेचा भार या विषयांवर दोन प्रबंध पूर्ण केले. बंद भांड्यातील द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम त्यांत आहे. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असून एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान तोंडावर एका माणसाने लावलेला जोर मोठ्या तोंडावरील शंभर माणसांच्या जोराला तोलून धरतो, असे त्याने दाखविले. मोटारीचा हायड्रॉलिक ब्रेक, गाडी उचलणारा जॅक आणि कारखान्यातील हायड्रॉलिक प्रेस याच नियमावर चालतात. पृथ्वीवरील सगळ्या हवेचे वजनही त्याने काढले. त्याचे उत्तर आजच्या अंदाजाच्या सुमारे चार-पंचमांश इतके जवळ होते.

अखेरची वर्षे

१६५१ मध्ये वडील वारले. पुढल्या वर्षी जाकलीन पोर-रॉयाल येथील मठात संन्यासिनी म्हणून गेली. ती जाऊ नये असे पास्कलला वाटत होते. वडिलांच्या मालमत्तेतील तिचा वाटा मठाला देण्यावरूनही भावाबहिणीत काही काळ दुरावा आला. १६५४ मध्ये त्याने फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार केला. अर्धवट सोडलेल्या जुगारातील पैशांची न्याय्य वाटणी कशी करावी, या प्रश्नापासून सुरू झालेल्या त्या पत्रांतून संभाव्यतेचे गणित उदयास आले. आज विम्याचे हप्तेही त्याच गणिताच्या आधारे ठरविले जातात.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याची टिपणे त्याने आपल्या अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर सापडली. तेव्हापासून त्याचे मन मुख्यतः धर्मचिंतनात रमले. धर्मविषयक वादात त्याने टोपणनावाने लिहिलेली अठरा पत्रे गाजली आणि फ्रेंच गद्याचा आदर्श ठरली. धर्मविचारांवरील त्याचा ग्रंथ मात्र अपूर्ण राहिला. त्याची टिपणे १६७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात.

प्रकृती ढासळत असतानाही लोकोपयोगी कामाची त्याची हौस मावळली नव्हती. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या भाड्यात जाणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. ही कल्पना पास्कलची होती. आजच्या शहरी बससेवेची ती पूर्वज म्हणता येईल. सैनिक आणि नोकरचाकर यांना त्यांत बसण्यास मनाई करण्यात आली होती, हे त्या काळाचे दुर्दैव होय. या गाड्यांच्या उत्पन्नातील आपला वाटा गरिबांच्या मदतीस लावण्याची पास्कलची इच्छा होती.

त्याने आपल्या घरात एका गरीब कुटुंबाला आश्रय दिला होता. १६६२ च्या उन्हाळ्यात त्या कुटुंबातील एका मुलाला देवी आल्या. आजारी मुलाला घराबाहेर काढणे पास्कलला पटले नाही. तो स्वतःच घर सोडून जिल्बर्तकडे राहावयास गेला. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, टॉरिसेलीप्रमाणेच वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. द्रव आणि हवा यांवरील त्याचे प्रबंध पुढील वर्षी प्रसिद्ध झाले.

सन १९७१ मध्ये वजने आणि मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दाबाच्या एककाला पास्कल हे नाव दिले. हे एकक फार लहान आहे. एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ९८,०६६.५ पास्कल होतात. त्यामुळे व्यवहारात किलोपास्कल किंवा मेगापास्कल वापरतात. किलोग्रॅमचे जुने एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीबाहेर गेले, तरी जुन्या तबकड्यांवर ते अजून दिसते. त्या एककात हवेचा भार साठविलेला आहे, आणि तो भार खरा आहे हे आपल्या जन्मगावच्या डोंगरावर सिद्ध करून घेणाऱ्या एका आजारी तरुणाचे नाव नव्या एककात आहे.

स्वाध्याय

१. वडिलांनी ब्लेझला सुरुवातीला गणितापासून दूर का ठेवले? त्यांनी आपला निर्णय कशामुळे बदलला?

२. डोंगरावर प्रयोग करताना एक नळी मठाच्या बागेत का ठेवण्यात आली? ती ठेवली नसती, तर कोणती शंका उरली असती?

३. पास्कलने जुने मत लगेच सोडले नाही आणि पुढे ते धरूनही ठेवले नाही. याविषयी आपले विचार आठ-दहा ओळींत लिहा.

४. आपल्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी दाब मोजणारी अथवा दाबावर चालणारी कोणती साधने आहेत? त्यांची यादी करा व त्यांवर दाबाचे कोणते एकक लिहिले आहे, ते पाहा.